घरकर्ज आणि खात्यातली शिल्लक : ऑफसेट खाते कोणाच्या फायद्याचे?

व्यापारी माणसाकडे पैसा दोन रूपांत असतो. एक मालात गुंतलेला आणि दुसरा चालू खात्यात पडून असलेला. मालात गुंतलेल्या पैशाचा हिशेब आपण रोज करतो. सुताचा भाव अर्धा रुपया वर गेला तरी दुकानात चर्चा होते. मात्र चालू खात्यात चार-पाच लाख रुपये महिनोन् महिने पडून राहिले तर त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. त्याच माणसाच्या डोक्यावर तीस लाखांचे घरकर्ज असते आणि त्या कर्जावर दररोज व्याज चढत असते. एका खिशात रक्कम पडून आहे आणि दुसऱ्या खिशातून व्याज जाते आहे, अशी ही अवस्था आहे.

हे दोन खिसे एकमेकांना जोडण्याची सोय काही बँकांकडे आहे. इंग्रजी मुलखात तिला ऑफसेट मॉर्गेज म्हणतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ती अनेक वर्षांपासून रूढ आहे. आपल्याकडे ती घरकर्जाचा ओव्हरड्राफ्ट म्हणून ओळखली जाते. स्टेट बँकेची ‘मॅक्सगेन’ आणि बँक ऑफ बडोदाची ‘होम लोन अॅडव्हान्टेज’ ही त्यातली माहितीतली नावे. आपल्या बाजारात अलीकडे पुष्कळ जण विचारतात की ही सोय घ्यावी का? बँकेचा माणूस ‘घ्या’ म्हणतो, शेजारचा दुकानदार ‘जादा दर लावतात, घेऊ नका’ म्हणतो. आपापल्या परीने दोघेही खरे बोलतात. म्हणून हा प्रश्न कागद-पेन्सिल घेऊनच सोडवायला हवा.

सोय काय आहे?

ज्यांचे सीसी खाते आहे त्यांना ही गोष्ट एका वाक्यात कळेल. सीसीमध्ये जेवढी रक्कम उचलली असेल तेवढ्यावरच व्याज लागते. वसुलीचा चेक जमा झाला की त्या दिवसापासून व्याज कमी होते आणि पुन्हा पैसे उचलले की व्याज पुन्हा सुरू होते. ऑफसेट म्हणजे हाच कारभार घरकर्जाच्या खात्यात.

समजा कर्जाची बाकी ३० लाख आहे आणि आपण त्या खात्यात ५ लाख ठेवले. बँक व्याज २५ लाखांवर लावील. उद्या माल घ्यायला ते ५ लाख काढले तर परवापासून पुन्हा ३० लाखांवर व्याज. आपले पैसे कर्जात बुडत नाहीत, जमा केलेली जादा रक्कम हवी तेव्हा काढता येते.

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कर्जाचे खातेच ओव्हरड्राफ्ट असते. पैसे त्यातच भरायचे आणि त्यातूनच काढायचे. मॅक्सगेन ही या प्रकारची. दुसऱ्यात कर्ज खाते वेगळे आणि त्याला जोडलेले बचत खाते वेगळे. बचत खात्यातली शिल्लक कर्जाच्या बाकीतून वजा धरून व्याज काढतात. बडोदा बँकेची पद्धत अशी आहे. हिशेबाचा परिणाम जवळपास सारखाच. मात्र कोणत्याही प्रकारात ठेवलेल्या पैशावर वेगळे व्याज मिळत नाही. फायदा एवढाच की भरायचे व्याज कमी होते.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. हप्त्यांतून फेडलेले मुद्दल परत उचलता येत नाही. उचलण्याची मर्यादा ठरलेल्या तक्त्याप्रमाणे दर महिन्याला खाली येत जाते. आपण हप्त्याखेरीज जे वर ठेवले, तेवढेच आपल्या हातात असते. आणि पैसे कितीही ठेवले तरी महिन्याचा हप्ता सुरूच राहतो.

आपल्या वाचकांसाठी हा प्रश्न वेगळा का?

व्याजाविषयी शरियतचा हुकूम काय, हे सांगणे उलेमांचे काम आहे, या पानाचे नव्हे. व्याजाविना घर घेता आले तर त्याहून चांगले काय? परंतु शहरात घर घेताना अनेकांना बँकेचे कर्ज घ्यावे लागले आहे हे वास्तव आहे. बँकांमध्ये व्याजमुक्त व्यवहाराची वेगळी खिडकी उघडण्याचा विचार काही काळ चालला होता, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो पुढे न नेण्याचे ठरवले. म्हणून हा लेख ज्यांच्या डोक्यावर कर्ज आधीच आहे त्यांच्यासाठी आहे. ते कर्ज लवकर हलके कसे होईल, एवढाच येथे विषय.

आता आपल्यातले बरेच जण पैसे ठेवतात कोठे ते पाहा. पुष्कळ जण चालू खात्यात ठेवतात आणि चालू खात्यावर बँक व्याज देतच नाही. काही जण मुदत ठेव करतात, पण तिचे व्याज स्वतः वापरत नाहीत, सवाबची नियत न धरता गरजूंना देऊन टाकतात. म्हणजे त्यांच्या घरखर्चाच्या हिशेबात त्या ठेवीचे उत्पन्न शून्य. पण घरकर्जाचे व्याज मात्र खिशातून पूर्ण जाते. एका हाताने आलेले व्याज आपण ठेवत नाही आणि दुसऱ्या हाताने व्याज भरत राहतो.

बचतीवर व्याज खाणाऱ्या माणसाला ऑफसेटमध्ये पैसे टाकताना ते व्याज सोडावे लागते. आपल्या बहुतेक वाचकांना सोडण्यासारखे काही नाही. म्हणूनच ही सोय इतरांपेक्षा आपल्याला लवकर परवडू शकते. किती लवकर, ते आता आकड्यांत पाहू.

जादा दराचा हिशेब

ही सोय बहुधा फुकट मिळत नाही. साध्या घरकर्जापेक्षा ओव्हरड्राफ्टचा दर बहुतेक ठिकाणी थोडा जास्त असतो. किती जास्त, हे बँकेनुसार, रकमेनुसार आणि वेळोवेळी बदलते. समजण्यासाठी आपण साधा दर साडेआठ टक्के आणि ऑफसेटचा पावणेनऊ टक्के धरू. कर्जाची बाकी ३० लाख. (हे दर उदाहरणाचे आहेत, आपल्या बँकेचा दर घालून हिशेब स्वतः करावा.)

साध्या कर्जात वर्षाचे व्याज सुमारे २,५५,००० रुपये होईल. ऑफसेटमध्ये खात्यात काहीच ठेवले नाही तर व्याज २,६२,५०० रुपये. म्हणजे ही सोय नुसती घेऊन ठेवण्याची किंमत वर्षाला ७,५०० रुपये. हे झाले दुकानाच्या भाड्यासारखे. दुकान उघडा अगर बंद ठेवा, भाडे द्यावेच लागते.

आता ते भाडे निघायला खात्यात सरासरी किती रक्कम हवी?

चालू खात्यातला, म्हणजे बिनव्याजी पडून असलेला पैसा असेल, तर सुमारे ८६ हजार रुपये पुरतात. त्याच्या वरचा प्रत्येक रुपया फायद्याचा.

तीन टक्के देणाऱ्या बचत खात्यातला पैसा असेल आणि ते व्याज आपण वापरत असाल, तर सुमारे १ लाख ३० हजार हवेत.

साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीतला पैसा असेल आणि आयकर लागत नसेल, तर सुमारे ३ लाख ३३ हजार हवेत. तीस टक्क्यांचा कर लागत असेल तर ठेवीचे व्याज करानंतर साडेचार टक्क्यांच्याही आत येते आणि १ लाख ७५ हजारांतच हिशेब बरोबरीला येतो. ठेवीचे व्याज हे उत्पन्न, त्यावर कर आहे. वाचवलेले व्याज हे उत्पन्न नव्हे, त्यावर कर नाही. ही सोय परदेशात लोकप्रिय होण्याचे एक मोठे कारण हेच आहे.

येथपर्यंत हिशेब गोड वाटतो. बँकेचा माणूस नेहमी येथेच थांबतो. आपण थांबता कामा नये.

खरी तुलना मुदतपूर्व फेडीशी

पडून असलेल्या पैशाशी तुलना केली तर कोणतीही सोय चांगलीच दिसेल. त्या पैशाचा दुसरा उपयोग काय झाला असता, हे विचारायला हवे. घरकर्ज असणाऱ्याच्या हाती एक साधा उपाय आहे. जादा पैसा आला की तो कर्जात भरून मुद्दल कमी करायचे. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, असा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्ये दिला. त्यामुळे हा मार्ग खुला आणि बिनखर्चाचा आहे.

वरच्याच उदाहरणात ५ लाख रुपये आहेत असे धरू. तीन वाटा होतात.

पैसे चालू खात्यात पडू दिले तर वर्षाचे व्याज २,५५,००० रुपये.

पैसे ऑफसेटमध्ये ठेवले तर व्याज २,१८,७५० रुपये. बचत ३६,२५० रुपये.

पैसे साध्या कर्जात भरून टाकले तर व्याज २,१२,५०० रुपये. बचत ४२,५०० रुपये.

सर्वांत जास्त बचत तिसऱ्या वाटेत आहे. दुसरी आणि तिसरी यांत फरक ६,२५० रुपयांचा. या पैशात आपण काय विकत घेतो? ५ लाख रुपये हवे तेव्हा परत काढण्याचा हक्क. म्हणजे त्या हक्काची किंमत वर्षाला सव्वा टक्का पडली. व्यापाऱ्याला ही किंमत जड नाही. आणीबाणीत बाजारातून पैसा उचलावा लागला तर महिन्यालाच तेवढे जाते.

पण रक्कम कमी झाली की हीच किंमत चढते. फक्त १ लाख ठेवणार असाल तर फरक ७,२५० रुपयांचा येतो, म्हणजे त्या एका लाखावर सव्वासात टक्के. हा सौदा महाग आहे. उलट १५ लाख ठेवणार असाल तर फरक फक्त ३,७५० रुपये, म्हणजे पाव टक्का.

यातून एक ढोबळ नियम निघतो. जादा दर पाव टक्का असेल, तर कर्जाच्या बाकीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम वर्षभर सरासरीने खात्यात राहणार असेल तेव्हा ऑफसेट परवडते. काढण्याच्या हक्काची किंमत तेव्हा एक टक्का पडते. रक्कम दहाव्या हिश्शाइतकीच असेल तर किंमत सव्वादोन टक्के, तेथे विचार करावा. जादा दर अर्धा टक्का असेल तर या किमती दुप्पट होतात. आणि बँक काहीच जादा दर लावत नसेल तर विचार करायची गरज नाही, घेऊन टाकावे.

ज्याला पैसे पुन्हा लागणारच नाहीत त्याने ऑफसेटच्या भानगडीत पडू नये. त्याने सरळ कर्ज फेडावे. ३० लाखांचे, २० वर्षांचे, साडेआठ टक्क्यांचे कर्ज घेतले तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो. सुरुवातीलाच ५ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर दर न बदलल्यास कर्ज साधारण साडेसहा वर्षे आधी संपते आणि एकूण व्याजात सुमारे १५ लाख रुपये वाचतात. फक्त भरताना बँकेला लेखी सांगावे की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतला तर फायद्याचा मोठा भाग हातून जातो.

पण आधी वटाव, मग सीसी

आमच्या कापड धंद्यात आणखी दोन गोष्टी या हिशेबाच्या आधी येतात आणि त्यांकडे दुर्लक्ष करून थेट ऑफसेटकडे धावणे म्हणजे तोटा आहे.

पहिली गोष्ट वटाव. साठ दिवसांच्या उधारीचा माल रोखीने उचलला आणि मालवाल्याने दोन टक्के वटाव सोडला, तर तो वर्षाला सुमारे बारा टक्क्यांच्या घरात जातो. घरकर्जातली बचत पावणेनऊ टक्के. ज्या महिन्यात रोखीचा चांगला वटाव मिळत असेल त्या महिन्यात पैसा मालात जाऊ द्यावा. शिवाय त्यात व्याजाचा संबंध नाही. मात्र वटावाच्या मोहाने न खपणारा माल भरू नये, नाही तर दोन टक्क्यांसाठी गाठी गोदामात पडून राहतात.

दुसरी गोष्ट सीसी. सीसीचा दर सहसा घरकर्जापेक्षा जास्त असतो. ज्याची सीसी उचललेली आहे त्याने पडून असलेला पैसा आधी सीसीत भरावा. साडेदहाची आग जळत असताना पावणेनऊची विझवायला जाऊ नये. बऱ्याच दुकानांत सीसी वेगळ्या बँकेत, वसुली वेगळ्या खात्यात आणि घरकर्ज तिसरीकडे असते. त्यामुळे हे मालकाच्या नजरेत येत नाही. तिन्ही खाती एका कागदावर मांडली की लगेच दिसते.

वटाव मिळत नाही, सीसी भरलेली आहे किंवा मुळात नाही, आणि तरीही पैसा उरतो आहे, अशा माणसासाठीच ऑफसेटचा प्रश्न खरा आहे.

हंगाम आणि सरासरी

आपली शिल्लक बारा महिने सारखी नसते. रमजान ईद, दिवाळी, लग्नसराई यांच्याआधी पैसा मालात जातो आणि नंतर वसुली होऊन परत येतो. ऑफसेटमध्ये व्याज रोजच्या बाकीवर निघते, म्हणून पंधरा दिवस पडलेल्या पैशाचाही फायदा मिळतो. मुदत ठेवीत तसे नाही, मध्येच मोडली तर व्याज कापले जाते.

समजा मालेगाव किंवा भिवंडीच्या एका व्यापाऱ्याकडे वर्षातले चार महिने ७ लाख पडून असतात, पाच महिने ४ लाख असतात आणि तीन महिने काहीच नसते. त्याची वर्षाची सरासरी ४ लाख झाली. ३० लाखांच्या कर्जावर त्याला पावणेनऊने २,२७,५०० रुपये व्याज बसेल. साध्या कर्जापेक्षा २७,५०० रुपये कमी. हे पैसे तो मुदतपूर्व फेडीत घालू शकत नाही, कारण तीन महिने त्याला ते सर्वच्या सर्व धंद्यात लागतात. अशा माणसाला ऑफसेट लागू पडते.

रोख हाताशी असण्याची गरज अलीकडे वाढलीही आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराचा नियम असा झाला, की सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे बिल करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते केले नाही, तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. मागवाल्याकडून माल घेणाऱ्या प्रत्येकाला हे लागते. म्हणून सगळा पैसा कर्जात भरून हात रिकामे करणे आज पूर्वीपेक्षा अडचणीचे आहे.

धंद्याखेरीज घरातही अशा रकमा असतात. हजसाठी साठवलेले पैसे, मुलीच्या लग्नाचे, मुलाच्या शिक्षणाच्या फीचे. तीन-चार वर्षे त्या हळूहळू साठतात आणि एके दिवशी पूर्ण लागतात. त्यांनाही ही जागा बरी.

कारागीर बांधवांसाठी

ही सोय प्रत्येकासाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. समजा एखाद्या सुताराकडे, शिंप्याकडे किंवा माग चालवणाऱ्याकडे १२ लाखांचे घरकर्ज आहे आणि ६० हजारांची पुंजी. ऑफसेटमध्ये त्याचे वर्षाला २,२५० रुपये वाचतील. तेच ६० हजार साध्या कर्जात भरले तर ५,१०० वाचतील. शिवाय कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेण्याला प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन आणि गहाणाच्या कागदाचे मुद्रांक शुल्क लागते. त्यात दहा हजार गेले तरी ते भरून यायला साडेचार वर्षे लागतील. काही बँका ही सोय ठरावीक रकमेपेक्षा लहान कर्जाला देतही नाहीत.

त्यांनी साधा मार्ग धरावा. तीन-चार महिन्यांचा घरखर्च आजारपणासाठी, मंदीसाठी वेगळा ठेवावा. त्याला हात लावू नये. त्यावर जे उरेल ते वर्षातून एकदा किंवा दोनदा कर्जात भरावे आणि मुदत कमी करून घ्यावी. भिशी लागली की त्यातला एक हिस्सा कर्जात, असा नेम ठेवला तरी फरक दिसतो.

घर आणि धंदा यांची सरमिसळ

या सोयीतला सर्वांत मोठा धोका व्याजदराचा नसून सवयीचा आहे. खात्यात काढण्याजोगे ७ लाख दिसतात. एखादा ग्राहक मोठी ऑर्डर देतो, उधारी मागतो. हात लगेच तिकडे जातो. उधारी बुडाली तर साध्या व्यवहारात दुकानाची पुंजी जाते. येथे घराचे कर्ज पुन्हा ७ लाखांनी वाढते. जे घर दहा वर्षांत मोकळे व्हायचे ते वीस वर्षे गहाण राहते. म्हणून काढायची सीमा आधीच ठरवावी आणि घरातल्या एका समजूतदार माणसाला ती सांगून ठेवावी. हातात पैसा दिसला की उधारी वाढवणारा ज्याचा स्वभाव आहे, त्याने कितीही फायदा दिसला तरी ऑफसेट घेऊ नये. त्याला मुदतपूर्व फेडच बरी, कारण भरलेला पैसा परत काढता येत नाही हेच तिचे गुण.

दुसरी गोष्ट मालकीची. घरकर्ज माणसाच्या नावावर असते. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर दुकानाचा पैसा त्याचाच, फक्त वहीत नोंद नीट हवी. भागीदारी असेल तर पेढीचा पैसा एका भागीदाराच्या घरकर्जात ठेवणे म्हणजे त्याने तो उचल म्हणून घेणे. ते सर्व भागीदारांच्या संमतीने आणि त्याच्या नावे लिहूनच व्हावे. भिशीचे जमा पैसे, मशिदीचा किंवा मदरशाचा फंड, कारागिरांची थकलेली मजुरी ही दुसऱ्याची अमानत आहे. एका आठवड्यासाठीही ती आपल्या कर्जखात्यात ठेवू नये. बीबीची रक्कम असेल तर ती तिची आहे. तिला विचारून ठेवावी आणि किती ठेवली ते लिहून द्यावे.

जकातीच्या हिशेबात ही रक्कम शिल्लक धरायची की कर्जातून वजा, हे आपल्या जवळच्या मुफ्ती साहेबांना विचारावे. बँकेचा कागद या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

आयकराच्या दोन गोष्टी

नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही. तेथे वाचलेला प्रत्येक रुपया पूर्ण वाचतो. जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट आहे. ज्याचे व्याज २,५५,००० आहे त्याने ते २ लाखांवर आणले तरी वजावटीला धक्का लागत नाही. त्याखाली गेल्यावर वाचलेल्या रुपयामागे कराची थोडी सवलत कमी होते. तरीही कर वाचवण्यासाठी व्याज भरत राहणे हा शहाणपणाचा सौदा नव्हे. तीस रुपये वाचवायला शंभर रुपये घालवण्यासारखे ते आहे.

घरकर्जाच्या खात्यातून काढलेला पैसा धंद्यात वापरला असेल तर त्याची नोंद तारखेसह ठेवावी. त्या व्याजाचे हिशेबात काय करायचे, ते आपले सीए ठरवतील. नोंद नसेल तर त्यांनाही काही करता येत नाही.

बँकेत काय विचाराल?

सही करण्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे मंजुरीपत्रात लिहिलेली आहेत का ते पाहावे.

१. साध्या घरकर्जाचा माझा दर किती आणि या खात्याचा किती? फरक पूर्ण मुदत तोच राहील का?

२. व्याज रोजच्या बाकीवर काढता का? पैसे जमा झाल्याच्या दिवसापासून फायदा धरता का?

३. ठेवलेली संपूर्ण रक्कम धरता, की काही हिस्साच?

४. वाचलेल्या व्याजाने मुदत कमी होते, की ती रक्कम खात्यात जादा शिल्लक म्हणून दिसते? दुसरे असेल तर कर्ज बंद करायला अर्ज आपणच करायचा असतो.

५. पैसे काढण्याच्या मर्यादेचा बँक दरवर्षी फेरविचार करते का? ती थांबवण्याचा अधिकार बँकेने ठेवला आहे का?

६. वार्षिक शुल्क, चेकबुक, खाते बदलण्याचे शुल्क किती?

७. माझे चालू कर्जच या सोयीत बदलून मिळेल का? तसे झाले तर नव्या बँकेत जाण्याचा खर्च वाचतो.

पाचव्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानदारांचे व्यवहार त्या दिवशी ठप्प झाले. ठेवीवरचा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत आहे, पण पैसे हाती यायला वेळ लागतो. कर्जखात्यात ठेवलेला पैसा निदान आपले देणे कमी करून बसलेला असतो. तरी तो काढण्याची सोय अडचणीच्या काळात थांबू शकते. म्हणून सर्व रोकड एकाच खात्यात ठेवू नये. महिन्याभराचा धंद्याचा खर्च दुसऱ्या बँकेत असावा.

निर्णय कसा करावा?

शेवटी एक काम सांगतो. गेल्या बारा महिन्यांची सर्व खात्यांची स्टेटमेंट्स काढा. प्रत्येक महिन्यात सर्व खाती मिळून सर्वांत कमी शिल्लक किती होती, ते लिहा. बारा आकड्यांची बेरीज करून बाराने भागा. ही आपली खरी पडून असलेली रक्कम, मनातला अंदाज नव्हे.

मग या बारा आकड्यांतला सर्वांत लहान आकडा पाहा. तेवढी रक्कम वर्षभरात कधीच लागली नाही. आजारपणापुरते बाजूला ठेवून उरलेली रक्कम सरळ कर्जात भरून टाका. तिच्यासाठी जादा दर देण्याचे कारण नाही. त्यानंतर सरासरीतून जे शिल्लक राहते, ते कर्जाच्या उरलेल्या बाकीच्या पाचव्या हिश्शाएवढे किंवा जास्त भरते का ते बघा. भरत असेल तर ऑफसेटसाठी बँकेत जा. भरत नसेल तर साधे कर्ज ठेवा आणि वर्षातून दोनदा मुद्दल भरा. दोन्ही वाटांनी कर्ज लवकर फिटते; पैसा चालू खात्यात झोपलेला ठेवणे, ही एकच वाट नुकसानीची आहे.